कर्जात बसवलेलं शिक्षण

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, अगदी तेरवीच्या जेवणातसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मॅडम, शैक्षणिक कर्जात पोराचं सगळं भागते का हो?" विचारणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, मोबाइलमध्ये पोराचा निकाल असतो आणि माझ्या तोंडून 'हो' ऐकायची त्याची पूर्ण तयारी झालेली असते. नोकरीत असताना मी 'हो' म्हणायची. आता म्हणत नाही. त्यामुळे पंगतीत माझ्या शेजारी बसणारे कमी झालेत, असं आमचे हे म्हणतात.

मी एका सरकारी बँकेत होते. क्लार्क म्हणून लागले, शाखा व्यवस्थापक म्हणून बाहेर पडले, आणि या सगळ्या काळात वाशिम जिल्ह्याची हद्द फारशी ओलांडली नाही. मंगरूळपीर, जऊळका, मालेगाव आणि शेवटी रिसोड. क्रमवार सांगावं असं त्यात काही नाही. बदली झाली की नवीन घरमालक, नवीन दूधवाला आणि जुन्याच तक्रारी, एवढाच तो इतिहास. पीककर्जाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते माझ्या टेबलावरून पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांबद्दल, म्हणजे खरं तर एका पोरीबद्दल.

आधी हा व्यवहार चालतो कसा ते सांगते. लोकांना वाटतं, शैक्षणिक कर्ज म्हणजे शिष्यवृत्तीची थोरली बहीण. अर्ज केला की सरकार पैसे देतं आणि पोरगं शिकून येतं. सरकारनं योजना आखलेली असते हे खरं, पण पैसे बँकेचे असतात आणि व्याजासकट परत करायचे असतात. ते पैसे पोराच्या हातातही पडत नाहीत. कॉलेजचं मागणीपत्र आलं की बँक फी थेट कॉलेजच्या खात्यात भरते. पुढच्या वर्षी पास झाल्याचा निकाल दाखवला की पुढची फी. वसतिगृह कॉलेजचंच असेल तर त्याचेही पैसे तसेच जातात. पण वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर खोलीचं डिपॉझिट, भाडं, खानावळ, येण्याजाण्याचं तिकीट, हे सगळं पोरानं आधी स्वतः करायचं आणि पावत्या आणून दाखवायच्या. पुण्यात घरगुती खानावळ चालवणाऱ्या बायका पोटभर जेवण देतात, पावती देत नाहीत. थोडक्यात, कर्ज शिक्षणाला मिळतं, शिकणाऱ्याला मिळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर एक रुपया गेला की तारण आणा. रिठदचे एक पाटील मुलाला घेऊन आले होते. बारा एकर ओलिताचं वावर, सातबारा कोरा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी सांगितलं, दादा, या कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही, गावठाणाबाहेरचं बिनशेती काही असेल तर बोला. त्यांनी मला विचारलं, मग पेरणीच्या कर्जाला हेच वावर कसं चालतं? मी नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "म्हंजे वावरात सोयाबीन पेरलं तं चालते, पोरगं पेरलं तं नाई चालत." मी चहा मागवला.

शिरपूरचे एक आजोबा तर त्याच्याही पुढचे. नातवाच्या कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून सही करायला आले होते. सही करायच्या आधी विचारलं, यात विमा असतो का? मी म्हटलं, असतो ना, मुलाच्या जीवाचा. ते म्हणाले, जीवाचा नको, जीव चांगला ठणठणीत आहे, पोरगं नापास झालं तर त्याचा विमा पाहिजे. सोयाबीन बुडालं तर मिळतोच ना. शाखेत सगळे हसले, मीही हसले. आता वाटतं, त्या दिवशी शाखेत तेवढा एकच माणूस शहाणा होता.

आता आमच्या धंद्यातली खरी गोम. कर्जाच्या अर्जासोबत खर्चाचा तक्ता असतो. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा खर्च त्यात मांडायचा: फी, राहणं, जेवण, पुस्तकं, साहित्य. समजा बेरीज आली बारा लाख आणि विनातारण मर्यादा आहे साडेसात. की लगेच वरचं कार्यालय विचारतं, उरलेले साडेचार कुठून येणार, पुरावा जोडा. पुरावा असता तर तो माणूस माझ्यासमोर टोपी हातात घेऊन बसला असता कशाला? पुरावा नाही म्हणून फाइल परत येते आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

म्हणून आम्ही खर्च 'बसवायचो'. बसवणे हा आमच्या टेबलावरचा रोजचा शब्द. खानावळ काढून टाकायची. लॅपटॉप काढायचा. मुलगा पुण्यात मामाकडे राहील असं लिहायचं, मामा असो वा नसो. दरवर्षी वाढणारी फी शेवटच्या वर्षापर्यंत एकाच आकड्यावर थोपवून धरायची. असं करत करत बेरीज बरोबर मर्यादेवर आणून ठेवायची. खर्च तेवढा, कर्जही तेवढं. त्या हातोटीत माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. माझी फाइल परत यायची नाही. दुसऱ्या शाखांचे मॅनेजर फोन करून विचारायचे, मॅडम, नर्सिंगचं कसं बसवलं? मला त्याचा अभिमान होता आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे. बसवलं नसतं तर त्यातली बरीच पोरं रिसोडच्या बसस्टँडच्या पुढे गेली नसती.

पण याचा एक परिणाम असा झाला की आमच्या शाखेच्या कागदांवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा सगळाच्या सगळा खर्च कर्जातून भागलेला आहे. कुणी ते कागद काढून पाहिले तर त्याला वाटेल, कर्ज कमी पडतं म्हणणारे लोक उगीच ओरडतात.

युसूफभाई रिसोडात गाद्या भरतात. त्यांचे वडील धनुकलीवर कापूस पिंजायचे, यांनी यंत्र घेतलं. एका बोळाच्या तोंडाशी दुकान, मागे घर. लग्नसराईत आंदणाच्या गाद्या, एरवी जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरायचा. फोमच्या गाद्या आल्यापासून काम निम्म्यावर आलेलं. त्यांची मुलगी सना. शाळेत असल्यापासून ती बापाबरोबर लोकांच्या घरी पलंगाचं माप घ्यायला जायची आणि येताना खोलीचंही माप घेऊन यायची. खिडकी कुठे आहे, पलंग कुठे लावला तर उजेड तोंडावर येणार नाही, हे वहीत काढायची. बारावीनंतर तिनं आर्किटेक्चरची परीक्षा दिली. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात नंबर लागला. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, फी भक्कम, आणि तिथे सरकारी फीसवलत लागू नव्हती.

दोघं माझ्या केबिनमध्ये आले तेव्हा युसूफभाईंच्या केसांत कापूस होता. आर्किटेक्ट म्हणजे काय करणार ते ठाऊक आहे का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी गाद्या भरतो मॅडम, हे घरं काढीन. गादी ठेवाले घर तं पाह्यजेच ना." बोलताना त्यांना इतका आनंद झाला होता की मलाही उभारी आली.

खरी बेरीज बारा लाखांच्या पुढे जात होती. घर सनाच्या आजोबांच्या नावावर आणि वारस सात, म्हणजे तारण नाही. मी बसवायला घेतलं. जेवण काढलं. राहण्याच्या रकान्यात आत्याकडे राहील असं लिहिलं. पुण्यात तिची लांबची आत्या होती, एका खोलीत सहा माणसं राहात होती. फी पाचही वर्षं तीच धरली. ड्रॉइंगच्या साहित्याला उरलेले किडुकमिडुक पैसे टाकले. सना समोर बसून बघत होती. ती हळूच म्हणाली, मॅडम, एवढ्यात तर कागदही येणार नाहीत. मी म्हटलं, तू आधी जा तर खरी, पुढचं पुढे पाहू. तिनं सही केली. युसूफभाईंनी उर्दूत सावकाश सही केली. फाइल वर गेली आणि एकाही शेऱ्याशिवाय मंजूर होऊन आली.

मंजुरीचं पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं. पत्रात एका ओळीत अभ्यासक्रमाचा एकूण खर्च आणि खालच्या ओळीत मंजूर कर्ज, दोन्ही आकडे सारखे, खाली माझी सही आणि बँकेचा गोल शिक्का. ते पत्र त्यांनी दुकानात यंत्राच्या वरच्या भिंतीवर लावलं. आमच्याकडे पोराचा नंबर लागला की सत्कार होतो, फ्लेक्स लागतो, आणि पोरगं अजून गाडीतही बसलेलं नसतं. सनाचाही झाला. बोळाच्या तोंडावर तिचा फोटो, त्याच्याभोवती गल्लीतल्या पुढाऱ्यांचे फोटो. शाल, नारळ, दोन शब्द. मीही स्टेजवर होते. युसूफभाईंना माइक दिला तर ते म्हणाले, "सरकारनं माह्या पोरीचा पुरा खर्च उचलला. माह्या खिशातून येक रुपया नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अशा वेळी कोण उठून सांगतं की दादा, तसं नाही?

प्रवेशाच्या वेळी त्यांनी उसनवार करून भरलेली रक्कम पुढे कर्जातून परत मिळाली, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं ते बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं.

दरवर्षी निकाल लागला की सना शाखेत यायची. पुण्याला राहूनही माझ्याशी वऱ्हाडीच बोलायची, ते मला आवडायचं. पहिल्या वर्षी ती उत्साहात होती. आर्किटेक्चरमध्ये फी हा खर्चाचा पाया असतो, घर वर बांधायचं असतं, हे मला तिच्याकडून कळलं. प्रत्येक विषयाला मोठमोठ्या शीटांवर नकाशे, त्यांच्या प्रती, पुठ्ठ्याची आणि लाकडाची मॉडेलं. मॉडेल मास्तरांना पसंत पडलं नाही तर मोडून नवीन. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरवर काढायचं, तर त्याला चांगला लॅपटॉप. मग सक्तीची अभ्यास सहल, तीही राजस्थानात. कर्जाच्या तक्त्यात राजस्थान कुठून असणार?

आत्याकडे ती जेमतेम आठवडाभर राहिली. मग चार मुलींत एक खोली घेतली. पैशासाठी तिनं दुसऱ्या मुलींची मॉडेलं करून द्यायला सुरुवात केली. तिच्या बोटांत बापाची सफाई होती, कापायचं, चिकटवायचं, कोपरा काटकोनात आणायचं. श्रीमंत मुलींच्या मॉडेलांना चांगले गुण मिळायचे आणि तिची स्वतःची अपुरी राहायची. तिसऱ्या वर्षी आली तेव्हा मनगटं पार बारीक झालेली. जेवतेस ना, असं विचारलं तर म्हणाली, एक वेळ जेवते, पोट भरतं. मी रागावले. घरी का सांगत नाहीस म्हटलं. तेव्हा ती खाली बघत बोलली.

"अब्बाले सांगतलं मॅडम. ते म्हनते, बँकेनं पुरा खर्च देल्ला, मंग तू पैसे कायले मांगून राह्यली? भितीवरचा कागद दाखोते मले."

मी तिला म्हटलं, मी बोलते युसूफभाईंशी. बोलले नाही. खरिपाच्या कर्जांची गर्दी होती, मग ऑडिट आलं, मग कर्जमाफीच्या याद्या. कामं कधी संपत नाहीत, आणि अवघड बोलणं पुढे ढकलायला काम फार सोयीचं असतं.

चौथ्या वर्षी फी पुन्हा वाढली. मी पाच वर्षं एकाच आकड्यावर धरलेली फी दरवर्षी वाढतच होती. त्यामुळे कर्जाची उरलेली रक्कम आता नुसत्या फीलाच पुरेना, राहण्याजेवण्याचं सोडाच. सना कॉलेजचं पत्र घेऊन आली. मी कर्ज वाढवून देण्याचा प्रस्ताव केला. तो आठवड्याभरात परत आला. शेरा असा होता की मंजुरीच्या वेळी अभ्यासक्रमाचा संपूर्ण खर्च विचारात घेतलेला असल्याने वाढीचे कारण दिसत नाही.

मी स्वतः वरच्या कार्यालयात गेले. तिथला अधिकारी माझ्यापेक्षा वयानं बराच लहान, पण सभ्य. उठून खुर्ची दिली. फाइल मागवून खर्चाचा तक्ता माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, मॅडम, खर्च तुम्हीच काढलाय, पूर्ण खर्च मंजूर आहे, मग वाढ कशाची? त्याला माहीत होतं. तोही शाखेत काम करूनच वर आला होता, त्यानंही बसवले असतील. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला कळतंय. तो म्हणाला, कळतंय, पण मला कळून काय उपयोग? तक्ता चुकीचा होता असं तुम्ही लेखी द्या, मी पुढे पाठवतो. मग तुमची चौकशी लागेल आणि चुकीच्या माहितीवर घेतलं म्हणून मूळ कर्जही परत मागतील. चालेल?

मी लेखी दिलं नाही. मूळ कर्जच गेलं तर पोरगी त्याच दिवशी रस्त्यावर येईल, हे एक कारण. माझी निवृत्ती जवळ आली होती, हे दुसरं. दोन्हींतलं मोठं कारण कोणतं, ते मी आजवर स्वतःलाही विचारलेलं नाही. परतताना बसमध्ये माझं डोकं इतकं दुखत होतं की रिसोड आल्याचं कंडक्टरला सांगावं लागलं.

ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे शब्द टाकला. एकानं थोडे दिले, एकानं मुलगी कोणत्या समाजाची ते विचारून विषय बदलला. युसूफभाईंनी काही दिलं नाही, कारण मागायला गेलेल्या सनाला त्यांनी पुन्हा भिंतीकडे बोट दाखवलं. फी भरायची तारीख उलटली. कॉलेजनं परीक्षेला बसू दिलं नाही. सना ट्रंक घेऊन रिसोडला परत आली.

यापुढचा नियम लोकांना ठाऊक नसतो. शिकत असतानाचं व्याज गरीब घरच्या मुलांसाठी सरकार भरतं. पण मध्येच शिक्षण सोडलं की ही सवलत जाते. वर्षभरानं हप्ते सुरू होतात, आणि ते साचलेल्या व्याजासकट. पदवी नसली म्हणून कर्ज कमी होत नाही. पदवी हातात असलेल्या पोरांनाच आमच्याकडे नोकरी मिळता मिळत नाही, अर्धवट शिकलेल्या आर्किटेक्टला रिसोडात कोण काय देणार? हप्ते थकले. खातं थकीत यादीत गेलं. आणि निवृत्तीच्या आधी, शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याला सोबत घेऊन, मला त्यांच्या दारात वसुलीला जावं लागलं.

यंत्र बंद होतं. सना मांडी घालून गादीला टाके घालत होती. हातात लांब दाभण, दोरा ओढताना अंगठ्याला कापडाची पट्टी. मला बघून तिनं मान हलवली आणि काम चालू ठेवलं. युसूफभाईंनी नवी भरलेली गादी टाकून आम्हाला बसवलं. पैशांवरून त्यांनी जराही घासाघीस केली नाही. भरेन म्हणाले, थोडे थोडे भरेन, एक पैसा ठेवणार नाही. मला वाटलं, आता बोलणं संपलं. पण त्यांना दुसरंच बोलायचं होतं.

"पैशाचं दुख नाई मॅडम. सरकारनं पुरा खर्च देल्ला अन् पोरगी तरी शिकू शकली नाई, हे लागते. लोकं इचारते मले, तिनं पैसा उडोला काय? मी काय सांगू?"

बोळातल्या बायकांतही तीच चर्चा होती, हे मला नंतर कळलं. दोन स्थळं आली होती, दोन्हींनी पुण्यात काय झालं ते विचारलं होतं. ज्या पोरीचा फ्लेक्स लावला तिच्याबद्दल लोक जास्तच बोलतात.

सोबतच्या तरुण अधिकाऱ्यासमोरच मी बोलून टाकलं. म्हटलं, युसूफभाई, सनानं काही उडवलं नाही. त्या कागदावरचा खर्चाचा आकडा खरा नाही. खर्च जास्त होता, मी तो कमी करून लिहिला, कारण खरा लिहिला असता तर कर्जच मिळालं नसतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना म्हणून मी त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. गिऱ्हाइकाकडे निम्म्याच कापसाचे पैसे असले तर तुम्ही खोळ तेवढीच मोठी शिवता आणि आत कापूस कमी भरता, तसं केलं मी.

ते थोडे हसले. म्हणाले, "मी तं गिऱ्हाइकाले सांगतो ना, बावा, कापूस कमी हाये, पाठीले लागीन. मी गरीब मानूस सांगतो, मंग सरकार कायले लपवीन?" आणि मग आवाज खाली आणून, सनाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण तिला ऐकू जातच होतं, ते म्हणाले, "तुमचं मन मोठं हाये. पोरीची लाज झाकून राह्यल्या तुमी. मले समजते."

सनाचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. तिला धक्का बसल्याचं मला दिसलं नाही. हे बोलणं घरात किती वेळा झालं असेल, याची मला तेव्हा कल्पना आली. परत येताना तो तरुण अधिकारी म्हणाला, मॅडम, ग्राहकासमोर असं बोलायला नको होतं, उद्या कुणी तक्रार केली तर? मी म्हटलं, कुणी विश्वासच ठेवला नाही, तर तक्रार कोण करेल?

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात कुणीतरी म्हणालं, मॅडमनी किती पोरांचं भलं केलं. ते खरंही आहे. माझ्या फाइलींवर शिकलेले दोन डॉक्टर आहेत, बऱ्याच नर्स आहेत, एक मुलगा जर्मनीत आहे आणि मला दर दिवाळीला फोन करतो. पण त्या सगळ्यांच्या घरून कुणीतरी गुपचूप भर घातली होती. आईच्या पाटल्या, काकाची उधारी, गावातल्या पेठेतला प्लॉट. त्यांच्याही कागदांवर पूर्ण खर्च भागलेलाच आहे. ज्यांच्या घरी भर घालायला काही नव्हतं, ती पोरं परत आली, आणि त्यांच्याकडे बघून लोक म्हणतात की कर्ज मिळालं तरी शिकली नाहीत. आता काही अभ्यासक्रमांत मुलींची फी माफ झाली आहे. चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून पुण्यात भाकरी फुकट मिळत नाही, आणि त्या भाकरीचा रकाना आजही कुणीतरी बसवतच असणार.

निवृत्तीनंतर मला एक गोष्ट करता येत होती, जी आधी येत नव्हती. मी लिहून देऊ शकत होते. चौकशीची भीती पूर्ण गेली होती असं नाही, पण पेन्शन सुरू झाली होती आणि रोज त्या पोरीचा थांबलेला हात डोळ्यांपुढे येत होता. युसूफभाईंचा विश्वास कागदावर होता ना, मग कागदच देऊ. एका सकाळी बसून मी साध्या मराठीत सगळं लिहिलं. शिक्षणाचा खरा खर्च किती होता, मंजूर किती झालं, मधली रक्कम मी कशी आणि कशासाठी वगळली, आणि सनानं मिळालेल्या पैशातला एकही रुपया वाया घालवलेला नाही, तो तिच्या हातात कधी आलाच नव्हता. खाली सही केली, पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्याच्या जागी सेवानिवृत्त असं लिहिलं. पुन्हा वाचलं. नोकरीत असताना मी इतका खरा कागद कधी लिहिला नव्हता.

तो घेऊन दुकानात गेले. हप्त्यांसाठी युसूफभाईंनी यंत्राच्या जोडीला उशा विकायला सुरुवात केली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सना उशांना खोळी घालत होती. मी कागद युसूफभाईंच्या हातात दिला. त्यांना मराठी अडखळत वाचता येतं, म्हणून त्यांनी तो तिला दिला आणि वाच म्हणाले. तिनं उभं राहून, शाळेत धडा वाचावा तसा, सगळा वाचला. तिच्याबद्दलचं वाक्य आलं तेव्हा आवाज बारीक झाला, पण वाचलं तिनं. मी युसूफभाईंकडे बघत होते. ते मन लावून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी तिला थांबवून रक्कम परत वाचायला लावली. मला वाटलं, पोचलं.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला, उजेडात धरला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि पुन्हा सुलटा केला. मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं, अगदी हळू बोलले.

"मॅडम, याच्यावर शिक्का नाई."